बायको शिकवते, नवरा पोचवतो

आमच्या आगकिलिसा गावात सिमेलावरून एक बोलणं रूढ झालं होतं. बायको शिकवते, नवरा पोचवतो. लोक ते हसत म्हणायचे, तिच्या तोंडावरही म्हणायचे, आणि सुरुवातीला तीसुद्धा हसायची.

सिमेला शाळेत ग्रीक शिकवायची. तिचा नवरा योर्दान याच्याकडे एक जुना मालट्रक होता. एखादं घर ग्रीसला निघालं की त्यांच्या गाद्या, पेट्या, शिलाईचं यंत्र आणि रडणारी माणसं ट्रकमध्ये घालून तो तिबिलिसीला सोडून यायचा. सिमेलाच्या वर्गात ज्याला चार वाक्यं धड बोलता यायला लागायची, तो पुढच्या उन्हाळ्यात योर्दानच्या ट्रकमध्ये बसलेला दिसायचा.

मी त्याच शाळेत गणित शिकवते. आमच्या दोघींच्या वर्गांत एकच भिंत आणि त्या भिंतीतच दोन्ही खोल्यांना मिळून एक भट्टी. हिवाळ्यात पोरं घरून गोवऱ्या घेऊन येत. अर्ध्या तिच्या बाजूने जायच्या, अर्ध्या माझ्या. त्या भिंतीतून तिची ग्रीक क्रियापदं इतकी वर्षं माझ्या कानावर पडली, तरी मला ती भाषा आली नाही. मला जायचंच नव्हतं. नवरा इथल्या टेकडीवर पुरलेला, मुलगा रशियात पोचलेला. मी कुठे जाणार?

आम्ही ग्रीक. कागदावर ग्रीक, चर्चमध्ये ग्रीक, लग्नात आणि मयतात ग्रीक. फक्त तोंडात तुर्की. म्हातारी माणसं सांगायची, सुलतानाच्या राज्यात आमच्या पूर्वजांना विचारलं गेलं, जीभ देता की धर्म देता? त्यांनी जीभ दिली. मग ते डोंगर ओलांडून या जॉर्जियाच्या पठारावर आले, दगडांची घरं बांधली, बटाटे लावले आणि त्या दिलेल्या जिभेच्या जागी जी आली होती तिच्यातच पोरांना अंगाई गायली. तिला आम्ही तुर्की म्हणत नाही. ‘आपली बोली’ म्हणतो.

सिमेला मुळात रशियन शिकवायची. सोव्हिएत राज्य ढिलं पडलं तेव्हा ग्रीक शिकायला परवानगी मिळाली. ती तिबिलिसीला वर्गाला जाऊन आली, मग एका उन्हाळ्यात थेट थेसालोनिकीला, आणि पुस्तकांची ट्रंक घेऊन परत आली. ग्रीसला जाऊन परत आलेलं आमच्या गावातलं ते एकच माणूस. लोक म्हणाले, बाई येडी आहे.

पण पहिल्या वर्षी वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी पोरं गेली की बाकांवर बाप्ये येऊन बसत. गुडघे बाकाखाली मावत नसत. पन्नाशीची माणसं पेन्सिल जिभेला लावून अक्षरं काढायची, आणि भिंतीपलीकडून मला सिमेलाचा आवाज यायचा, “फ्योदोर, ते अक्षर आहे की मेंढीचं शेपूट?” मग हशा. तिचे गाल तेव्हा लाल असायचे. ती मला म्हणायची, “वार्वारा, दिलेली जीभ परत मिळतेय गं.”

जीभ मिळाली तशी माणसं निघाली. तिबिलिसीच्या ग्रीक वकिलातीत मुलाखत व्हायची. तिथे आपण ग्रीक असल्याचं दाखवायचं, जमेल तेवढं ग्रीकमध्ये. सिमेलाचे विद्यार्थी पटापट पास व्हायचे. म्हणून आणखी लोक तिच्याकडे यायचे, आणि तेही पास व्हायचे. शिवाय गावात वीज नाही, सहकारी शेती मोडलेली, पगार कधी येतो कधी नाही. त्यात सिमेलाचा काय दोष? पण बटाट्याच्या काढणीला माणसं कमी पडायला लागली तेव्हा आमचे मुख्याध्यापक सावा एकदा तिला सरळच म्हणाले, “बाई, तुम्ही जरा वाईट शिकवाल का?”

त्या दिवशी ती हसली नाही.

मग तिची मुलगी ओलिंपियादा गेली. लग्न करून गेली, थेसालोनिकीला. तिला मुलगी झाली. वर्ग आटत चालला. पुस्तकांत समुद्राची चित्रं, होड्या, लिंबाची झाडं. आमच्या पोरांनी ना समुद्र पाहिला ना लिंबाचं झाड, पण ती नावं घडाघडा म्हणायची आणि निघून जायची. सिमेला आता बसून शिकवायला लागली होती. पूर्वी ती कधी बसायची नाही.

योर्दानला तर केव्हापासून जायचं होतं. “गावाला पोचवून झालं, आता मला कोण पोचवणार?” असं तो दारू प्यायला की म्हणायचा. सिमेला म्हणायची, ही तुकडी होऊ दे. ती तुकडी जायची, मग पुढची. शेवटी तुकडीच राहिली नाही आणि तिचं काही चाललं नाही. योर्दानने तिघांचे अर्ज भरले. तिसरी त्याची आई, पार्थेना.

पार्थेनाआजीला ग्रीकचं एक अक्षर येत नव्हतं. सुनेनं अख्खं गाव शिकवलं, सासू कोरडी राहिली. तिला विचारलं तर म्हणायची, “त्या भाषेत मला शिव्यासुद्धा देता येत नाहीत, घेऊन काय करू?” मुलाखत ठरली तेव्हा सिमेलाने तिला भट्टीपाशी बसवून दोन महिने घोटून घेतलं. माझं नाव पार्थेना. मी आगकिलिसाची. ईस्टरला आम्ही अंडी लाल रंगवतो. आजी म्हणायची आणि सकाळी विसरायची. “सूनबाई, हे डोक्यात राहत नाही गं. बर्फासारखं आहे, घरात आणलं की पाणी.”

मुलाखतीला काय झालं ते मला सिमेलाने नंतर सांगितलं. मेजापलीकडे एक तरुण अधिकारी होता, सभ्य होता, आवाज चढवत नव्हता. त्याने आजीला नाव विचारलं. आजी गप्प. ईस्टरला काय करता? गप्प. हातरुमालाचं टोक पिळत बसली. मग त्याने मान हलवून काहीतरी लिहायला घेतलं, आणि ते लिहिणं पाहून आजीला काय झालं कुणास ठाऊक, ती आपल्या बोलीत बोलायला लागली.

“माझ्या बापाला सदतीस साली सरकारच्या माणसांनी खळ्यावरून नेलं,” ती म्हणाली. “मळणी चालली होती. हातातलं टाकूनही दिलं नाही. का नेलं? ग्रीक म्हणून नेलं. त्याला हीच बोली येत होती, जी मी बोलतेय ती. तेव्हा त्याची कुणी परीक्षा घेतली नाही, बाळा. तेव्हा आम्ही पुरेसे ग्रीक होतो.”

अधिकाऱ्याने सिमेलाकडे पाहिलं. विचारलं, काय म्हणतात त्या?

सिमेला भाषांतर करायला लागली आणि पहिल्याच वाक्यात अडली. खळं. खळ्याला ग्रीकमध्ये काय म्हणतात ते तिला येईना. विमानतळ येत होता, टपालकचेरी येत होती, होडी आणि लिंबू येत होतं. खळं तिच्या पुस्तकांत नव्हतं. ती म्हणाली, “शेतातून... त्यांना शेतातून नेलं.” आणि पुढचं सगळं असंच पातळ होत गेलं. अधिकाऱ्याने ऐकून घेतलं. “वाईट झालं,” असं म्हणाला. मग घड्याळाकडे पाहिलं, बाहेर रांग होती.

योर्दान आणि सिमेला पास झाले. आजींनी पुढच्या वर्षी परत यावं, थोडं अधिक ग्रीक शिकून, असं सांगण्यात आलं.

“दहा वर्षं शिकवतेय मी,” सिमेला मला म्हणाली. आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. “दहा वर्षं. आणि खळं येत नाही. आपण खळ्यावरची माणसं, वार्वारा.”

“शब्दकोशात बघ की.”

“बघितला. आता येतो.” तिने सुरी खाली ठेवली. “आता येऊन काय करायचंय?”

योर्दान एकटा पुढे गेला. ट्रक विकला आणि स्वतः दुसऱ्याच्या गाडीतून गेला. थेसालोनिकीला इमारतींच्या कामावर लागला. फोनवर सांगायचा की बरोबरचे सगळे अल्बेनियाचे आहेत, ग्रीक लागतच नाही, हाताने दाखवलं तरी चालतं. सिमेला सासूपाशी राहिली. म्हातारीला एकटं कोण सोडणार? शाळेत तिच्या वर्गाला त्या वर्षी तीन पोरं होती, नाताळनंतर दोन राहिली, मग वरून कळलं की एवढ्यासाठी वर्ग चालवता येत नाही. तिच्या बाजूने भट्टीत गोवऱ्या पडेनाशा झाल्या आणि माझी खोलीही गार पडायला लागली.

रिकाम्या घरांत तोवर नवी माणसं येऊ लागली होती. अजारियातली, समुद्राकडच्या डोंगरांतली. तिकडे दरडी कोसळून त्यांची गावं गेली होती. ती जॉर्जियन बोलणारी, आम्हाला जॉर्जियन धड येत नाही, त्यांना रशियन धड येत नाही. कुंपणांवरून भांडणं व्हायची. फ्योदोरच्या घरात गुलीको नावाची बाई राहायला आली होती, चाळिशीची, दोन पोरं, नवरा आजारी. एका दुपारी ती सिमेलाच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिथेच होते.

“तुम्ही ग्रीक शिकवता म्हणे,” ती मोडक्या रशियनमध्ये म्हणाली. “मला शिकवा.”

“तुम्हाला कशाला?” सिमेला म्हणाली.

“अथेन्सला जायचंय. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम असतं. आमच्याकडच्या दोघी गेल्यात.”

सिमेलाचा चेहरा उतरला. ती मला आपल्या बोलीत म्हणाली, “आता हेच बाकी होतं. आमची जीभ मोलकरणींना विकायची.”

“मला तुर्की कळतं, बाई,” गुलीको शांतपणे म्हणाली. तुर्कीतच. “सीमेवरच्या बाजारात सहा वर्षं माल विकलाय मी. आणि मोलकरीण व्हायला माझी हरकत नाही. पोरं खातील.”

सिमेलाची मान खाली गेली. आतून पार्थेनाआजीचा आवाज आला, “कोण आहे गं? कोण आपल्यासारखं बोलतंय? आत घे तिला, दारात काय उभी केलीस!”

असा तो वर्ग सुरू झाला. सिमेलाच्या घरात, भट्टीपाशी, एका विद्यार्थिनीचा. सिमेलाने नेहमीप्रमाणे होडीपासून सुरुवात केली. गुलीकोने तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटलं. “बाई, होडी राहू द्या. मला सांगा, कुठे दुखतंय हे कसं विचारायचं? कूस बदला, तोंड उघडा, गोळी गिळा, हे कसं म्हणायचं?”

“त्यासाठी पेशंट लागेल,” सिमेला वैतागून म्हणाली.

“ही काय बसलीय,” गुलीको म्हणाली आणि तिने आजीकडे बोट दाखवलं.

आजी आधी चिडली. मग तिला मजा वाटू लागली. गुलीको तिच्या पलंगापाशी बसून विचारायची, कुठे दुखतंय? आणि आजीने म्हणायचं, पोनाओ, दुखतंय. आजीचं खरंच दुखत होतं, गुडघे, पाठ, सगळंच. पहिल्यांदा तिला त्या भाषेत काहीतरी सांगण्यासारखं मिळालं. महिन्याभरात म्हातारी ग्रीकमध्ये कुरकुरायला लागली. नेरो, म्हणजे पाणी. नेरो आण. एवढं थंड नको. हळू, मोडशील मला! उशी वर. आणखी वर. देव तुझं भलं करो, पोरी. कधी मध्येच तुर्कीत घसरायची, तर गुलीकोच दटावायची, “आजी, अथेन्सला आहोत आपण!”

मी संध्याकाळी जायचे तेव्हा दोघींची ही जुगलबंदी चाललेली असायची आणि सिमेला भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत असायची. मध्येच, डोळे न उघडता, एखादा प्रत्यय दुरुस्त करायची.

“बरं चाललंय की,” मी एकदा म्हटलं.

“चाललंय,” ती म्हणाली. “मला इतकं थकायला का होतं ते कळत नाही. काम तर काहीच राहिलं नाही.”

वसंतात बर्फ वितळायच्या आत गुलीको गेली. कुणा दलालाने तिची सोय लावली होती. जाताना मला पोरांकडे लक्ष ठेवायला सांगितलं, आजीच्या पाया पडल्यासारखी वाकून तिच्या गुडघ्यांना हात लावला, आणि सिमेलाला चक्का बांधून दिला. आजी आठवडाभर दाराकडे बघत बसायची. “त्या पोरीला तिकडे कोणी नीट बोलतं का, विचारलंत का?” असं रोज.

मेमध्ये दुसरी मुलाखत होती. या वेळी मी बरोबर गेले, आजीला दोन्हीकडून धरायला. अधिकारी दुसरा होता, थोराड, कपाळावर आठ्या. त्याने कागद चाळत सहज म्हटलं, “काय आजी, कशा आहात?”

आजीने तोंड उघडलं ते मिटेचना. पाय दुखतो. काल डोळा लागला नाही. खुर्ची टणक आहे. पाणी आण पोरा, पण थंड नको, आणि हळू, सांडशील. माणूस पेन हातात धरून बघत राहिला. मग उठला आणि खरोखरच पाणी घेऊन आला. आजी प्यायली आणि म्हणाली, देव तुझं भलं करो.

“कुणी शिकवलं तुम्हाला?” त्याने विचारलं.

“गुलीकोने.”

“त्या ग्रीक आहेत?”

“छे! जॉर्जियन.”

त्याने सिमेलाकडे पाहिलं. सिमेलाने खांदे उडवले. ती हसत होती, पण ते हसू बघून मलाच कसंतरी झालं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं लावून झोपली ती थेट आमच्या तालुक्याचं त्साल्का येईपर्यंत. खड्ड्यांतून बस आपटत होती, तिचं डोकं काचेवर आपटत होतं, तरी तिला जाग आली नाही.

कागद ऑगस्टमध्ये आले. सामान न्यायला ट्रक राहिला नव्हता, गुलीकोच्या दिराने गाडी दिली. सिमेलाने पुस्तकांची ट्रंक मला ठेवायला सांगितली. मी म्हटलं, “मी काय करू त्याचं?” ती म्हणाली, “मलाही माहीत नाही. कुणी मागितलं तर दे.” आम्ही एकमेकींना मिठी मारली. आम्हाला दोघींना रडू आलं नाही. आजी मात्र गाडीत बसल्याबसल्या मोठ्याने रडत होती, आपल्या बोलीत, आणि शेजारच्या अजारियन बायका डोक्याच्या रुमालाने डोळे पुसत उभ्या होत्या.

आता महिन्यातून एकदा सिमेलाचा फोन येतो. तिला तिकडे शाळेत काम मिळालं नाही. तिच्यासारख्या खूप आहेत आणि तिचे उच्चार ऐकून लोक विचारतात, बाई, तुम्ही रशियाच्या का? ती एका म्हाताऱ्या वकिलाला सांभाळते. त्याला आंघोळ घालते, जेवू घालते, वर्तमानपत्र वाचून दाखवते. तो तिचं व्याकरण सुधारतो. रविवारी आमच्याकडच्या लोकांनी चर्चमागे पोरांसाठी एक वर्ग काढलाय. पोरांना ग्रीक येतंच, मग त्यांना जुनी गाणी, जुने सण शिकवायचे म्हणून. सिमेलाला बोलावलं होतं. ती नाही म्हणाली.

“का गं?” मी विचारलं.

“रविवारी झोपते,” ती म्हणाली.

“आणि आजी?”

“मजेत आहे. दवाखान्यातल्या नर्सना दमात घेते, त्यांना वाटतं इथलीच आहे. ओलिंपियादाच्या पोरीला मात्र तिचं काही कळत नाही. आजी दुखण्यापलीकडे काही बोलूच शकत नाही ना, मग पोर दार लावून बसते. दिवसभर ती भाषा बोलून माझं डोकं ठणकतं, वार्वारा. रात्री घरी येते, आणि सासूबाई आणि मी आपल्या बोलीत भांडतो. मीठ जास्त झालं, खिडकी का उघडली. कशावरूनही. तेवढं झालं की बरं वाटतं.”

मागून म्हातारीचा आवाज येत होता, कुणाशी बोलतेस एवढं, बिल येईल. सिमेलाने रिसीव्हरवर हात ठेवला असावा. तिचं ओरडणं मला दबकं ऐकू आलं, एकेक शब्द ओळखीचा. मग ती परत फोनवर आली आणि म्हणाली, “ठेवते गं. अजून भांडी पडलीयत.”